कोपऱ्यातली तारीख

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, आजोबांचे फोटो येणं का बंद झालं. मी म्हणाले, कॅमेरा बिघडलाय. ते खोटं होतं. कॅमेरा व्यवस्थित चालतो. खाऱ्या हवेने त्याच्या काचेला बुरशी धरू नये म्हणून मी तो तांदूळ घातलेल्या डब्यात ठेवते, आणि हे लिहिताना तो डबा माझ्यासमोरच आहे. वर्गात मी बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, खरं सांगता येत नसेल तर गप्प बसा, पण बनवून सांगू नका. आणि नातवंडांना मात्र एका वाक्यात बनवून सांगून मोकळी झाले. म्हणून आज खरं काय ते क्रमाने लिहिते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं. मलाही जड नव्हतं, कसालच्या हायस्कुलात आयुष्यभर तोच विषय शिकवला. पण आजोबा जे बोलतात ते इंग्रजीत मांडायला घेतलं की दुसऱ्याच कुणाचं बोलणं वाटायला लागतं. तुमचे बाबा वाचून दाखवतील. मालवणी त्यांना अजून येते असं ते म्हणतात. येत नसेल तर त्यांनी तसं कबूल करावं.

कॅमेरा घरात आला तो तुमच्यातल्या थोरलीमुळे. तिने एकदा सांगितलं होतं की तिच्या वर्गातल्या मुली फोन बाजूला ठेवून जुने छोटे कॅमेरे वापरतात. फोटो जरा फिका येतो आणि तोच त्यांना आवडतो. मला फिक्या फोटोंचं कौतुक नव्हतं. मी एवढंच लक्षात ठेवलं की असे कॅमेरे अजून मिळतात. मग मालवणच्या बाजारात गेले. तिथल्या फोटो स्टुडिओत काचेच्या कपाटात, लग्नाच्या आल्बमांच्या मागे एक पडून होता. साबणाच्या वडीएवढा, लाल, मनगटात अडकवायला दोरी.

स्टुडिओवाला म्हणाला, "बाई, ह्यो आता कोण घेता? तुमच्या फोनात ह्येच्यापेक्षा बरो कॅमेरो आसा."

"फोनमधल्या फोटोवर तारीख छापून येते?"

"तारीख कित्याक व्हयी?"

"मला लागते."

"मगे घेवा. पण खोको नाय, कागद नाय, आणि मी परत घेवचंय नाय."

स्वस्तातला कॅमेरा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. बटण दाबलं की कुरकुर करत काच बाहेर येते, आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख आणि वेळ उमटते. घरी येऊन मी पहिलं काम केलं ते तारीख लावण्याचं. माझ्या वर्गातही फळ्यावर सगळ्यात आधी तारीख पडायची. मग एका जुन्या खणाची त्याला पिशवी शिवली आणि कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवली. तांदळाचा डबा नंतर सुचला.

सुरुवातीला मी त्याने काय टिपत होते ते सांगते, म्हणजे हा काही छंद नव्हता हे कळेल. विजेच्या मीटरचा आकडा. कोणत्या माडावरचे नारळ तयार झालेत ते. पावसात गडग्यातून, म्हणजे परसाच्या दगडी कुंपणातून, कुठला चिरा निखळला ते. औषधाच्या पाकिटामागचा बारीक मजकूर. तो फोटो काढून पडद्यावर मोठा केला की मला चष्म्याशिवाय वाचता येतो. तुम्हांला पाठवलेली जास्वंद आणि वालावलच्या माझ्या माहेरच्या देवळाचं तळं, एवढीच काय ती चैन. फोनने हे झालं नसतं असं नाही. पण फोन आजोबांच्या हातात दिला की ते त्याला कान लावतात. त्यांना त्यावर फोटो दाखवला तर ते फोटोशी "हॅलो" बोलायला लागतात.

आता आजोबांविषयी दोन गोष्टी, त्या कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ते सरकारी मोजणीदार होते. म्हणजे दोन भावांत किंवा दोन शेजाऱ्यांत हद्दीवरून वाद झाला की फीत घेऊन जायचं, नकाशा उघडायचा, आणि कुणाची जमीन कुठवर ते सांगायचं. आपल्याकडे हातभर जागेसाठी माणसं तीन पिढ्या बोलत नाहीत. त्यामुळे आजोबांचा कुणाच्याही बोलण्यावर विश्वास नसे. घरीसुद्धा. मी म्हटलं, दूधवाला आज आलाच नाही, तर म्हणणार, "तोंडी नको. कागद दाखव." आम्ही दोघं त्यावर हसत असू.

दुसरी गोष्ट त्यांच्या जेवणाची. मोजणीला गेलं की दोन्ही पक्ष जेवायला बोलावतात, आणि एकाकडे जेवलं की दुसरा म्हणतो, मोजणीदार माशावर फिरला. म्हणून ते घरचा डबा नेत आणि झाडाखाली बसून खात. कुणाचा आग्रह फारच मोडवेना तर एकच अट. घरधनी स्वतः हजर असला पाहिजे आणि त्याने आधी जेवलं पाहिजे. घरात नुसत्या बायका असल्या तर पाण्यापलीकडे काही नाही. तिकडे विजयदुर्गापासून इकडे कसालपर्यंत त्यांची ही अट लोकांना पाठ होती. आणि कामावर ते मालवणी बोलत नसत, शुद्ध मराठी बोलत. म्हणत, "तोंडातसून मालवणी निघाली काय समोरचो लगेच नातां काढता." मालवणी घरात, माझ्याशी, तुमच्या बाबांशी, माडांशी.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते साडेबाराला जेवले, हात धुतले, आणि दीड वाजता परसातल्या गडग्याजवळ जाऊन उभे राहिले. गडग्यापलीकडे माझी चुलतजाऊ राहते, तुम्ही तिला पाहिलंय, तुम्हांला फणसाचे गरे देणारी. तिला म्हणाले, "वयनी, हिणा माका आज जेवूकच घालूक नाय."

जाऊ तपेलीत पेज घेऊन आली. "काय गो, घोवाक उपाशी ठेवतंस? रागावलंस की काय?" ती हसली, मीही हसले. आजोबा दुसऱ्यांदा जेवले. संध्याकाळी पोट बिघडलं.

मग हे आठवड्यातून एकदा व्हायला लागलं, मग दिवसाआड. जाऊ हसायची थांबली. एका दिवशी तिने मला विहिरीपाशी गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्यान रांदाप होयत नसात तर माका सांग, मी रांदून देतंय. पण तेका असो ठेव नको गो."

मी भरलेली घागर उचलली. काय बोलणार? एक्कावन्न वर्षं मी त्या माणसाला वाढते आहे. शाळेची बस गाठायची म्हणून पहाटे उठून दोन डबे भरलेत, एक माझा आणि एक त्यांचा. तापात वाढलंय, तुमचे बाबा पोटात असताना वाढलंय, माझी आई गेल्याची तार आली त्या दिवशीही आधी वाढलंय आणि मग निघालेय. मला त्याचे उपकार नको होते. मला फक्त एवढंच हवं होतं की मी वाढलं आणि ते जेवले, हे त्यांनी स्वतः कबूल करावं. त्यापुढच्या दोन वर्षांत मी जे जे केलं ते या एका गोष्टीसाठी केलं.

मी त्यांना समजावत असे. आत्ता तर जेवलात, बांगड्याचं तिखलं होतं, काटा लागला म्हणून खोकलात. ते म्हणत, "तोंडी नको. कागद दाखव."

तेव्हा माझी नजर खिळ्यावरच्या पिशवीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी पद्धत घालून घेतली. साडेबाराला ताट वाढायचं. ते बसले, पहिला घास तोंडापाशी गेला, की एक फोटो. ताट रिकामं झालं की दुसरा. दर पंधरवड्याला मालवणात जाऊन छापून आणायचे आणि शंभर पानी वहीत दोन-दोन चिकटवायचे. डाव्या पानावर जेवणाआधी, उजव्या पानावर जेवणानंतर.

पहिल्यांदा त्यांनी तक्रार केली तेव्हा मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. फोटो पाहिला, कोपऱ्यातली तारीख वाचली, उठून कॅलेंडरशी ताडून पाहिली. वेळ वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हां. म्हणजे मी जेवलंय."

"जेवलात."

"बांगडो बरो दिसता."

आणि जाऊन आडवे झाले. त्या दुपारी मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. मी कॅमेरा पदराने पुसला.

चार महिने हे चाललं. मधे ते एकदा म्हणाले, "ह्यो कालचो फोटो. काल पण बांगडोच होतो." मुद्दा बरोबर होता. मी वेळापत्रक केलं. एक मासा लागोपाठ दोन दिवस करायचा नाही. मंगळवारी तारले, बुधवारी बांगडे, शुक्रवारी सौंदाळे मिळाले तर सौंदाळे, सोमवारी काळ्या वाटाण्याची आमटी. मासळीवाली विचारी, आज बांगडे ताजे आहेत, का नको? मी म्हणे, काल झाले. ताट ठेवताना मासा कॅमेऱ्याच्या बाजूला यावा असं फिरवून ठेवायला लागले. लाज वाटते सांगायला, पण मी फोटोसाठी वाढत होते. एकदा तर ती वही घेऊन गडग्याशी गेले आणि जावेला दाखवली.

तिने दोन पानं उलटली आणि वही परत दिली. "माका कित्याक दाखवतंस? मी काय कोर्ट?"

पाचव्या महिन्यातली एक दुपार. जेवण झालं, तासाभराने ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "आज जेवूचा नाय काय?" मी नेहमीप्रमाणे पडदा पुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. तारीख वाचली नाही. फोटोकडेच बघत राहिले.

"ह्यो कोण?"

"ह्यो म्हणजे?"

"ह्यो म्हातारो. माझ्या जाग्यार बसलो तो."

"तुमी आसात ते."

"मी?" त्यांना हसू आलं. "मी काय इतको म्हातारो झालंय?" मग हसू थांबलं. "माझा जेवाण ह्यो जेवता. आणि तू तेका वाढतंस."

मी म्हटलं, अहो, शर्ट बघा, हा तुमच्याच अंगावरचा शर्ट. त्यांनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, फोटोतल्या शर्टाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "शर्ट पण माझोच घातल्यान."

"वही आण," म्हणाले. मी आणली. मला काय माहीत! ते पडवीत बसून पान न् पान बघत गेले, जसे पूर्वी नकाशे बघत. प्रत्येक पानावर तोच म्हातारा. त्यांची खुर्ची, त्यांचं ताट, मी वाढलेला मासा, आणि खाली तारीख. वही मिटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पक्षकाराचा खोटेपणा सापडला की बघत तसं, थोडं दमून.

"चार महिने येता ह्यो. पुरावो तुझ्याच हातचो आसा."

आणि वही घेऊन ते गडग्यापाशी गेले. "वयनी, ह्या बघा. ह्या म्हाताऱ्याक पोसता ही. माका उपाशी ठेवन."

जावेने पुन्हा ती वही हातात घेतली. या वेळी तिने सगळी पानं पाहिली. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "भावजी, घरात चला. ऊन आसा." त्या दिवसानंतर तिने मला कधीही विचारलं नाही, मी त्यांना जेवायला घालते की नाही. पुरावा पटला होता, पण ज्याला पटायला हवा होता त्याला नाही.

मी शिक्षिका आहे, म्हणून आपली चूक कुठे झाली ते शोधत बसले. चूक साधी होती. मी जेवणाचा पुरावा गोळा करत होते. जेवणारा कोण, याचाही पुरावा लागेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि त्याचा कागद कुणाकडे असतो?

तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आई, डॉक्टर सांगतात ना, वाद घालू नकोस. हो म्हण." मी हो म्हणायला लागले. हो, एक म्हातारा येतो. हो, उद्यापासून त्याला येऊ देणार नाही. न्हाणीघरातल्या आरशावर पंचा टाकला, कारण तिथेही तो दिसायचा आणि ते त्याला हाकलायचे. फोटो काढणं मी त्या दिवशी बंद केलं. तुम्हांला त्यानंतर आले ते सगळे आधीचे, पुरवून पुरवून पाठवलेले.

पुढचं सगळं या थंडीतलं.

एका सकाळी मी माड शिंपून आले तर ते ओटीवर बसले होते. शर्टाची वरची गुंडी लावलेली, चपला पायांशी सरळ जोडून ठेवलेल्या, मांडीवर जुनी कापडी पिशवी. मला पाहून अर्धवट उठले आणि म्हणाले, "बाई, थोडं पाणी मिळेल का?"

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागून कुणी आलंय. एक्कावन्न वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. रागातसुद्धा नाही. राग तर मालवणीतच. मी पाणी दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी परत केला आणि "आभारी आहे" म्हणाले.

मी मुद्दाम मालवणीत विचारलं, "खंय चललात?"

ते किंचित मागे सरकले. "आम्ही मोजणीसाठी आलो आहोत. नातं काढू नका, बाई."

त्या दिवशी साडेबाराला मी पान वाढलं. ते आत यायला तयार नव्हते. हात धरून आणलं तर खुर्चीपाशी उभे राहिले. "घरधनी कुठे आहेत?"

"तुम्हीच..." मी बोलायला गेले आणि थांबले. वाद घालायचा नाही.

"घरधनी आले की बसू," असं म्हणून ते ओटीवर गेले. संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन राहिले. मी दोनदा बोलावलं, दोनदा तेच उत्तर. जाऊ पेज घेऊन आली, तिलाही तेच. "आपण शेजारच्या ना? मग तर मुळीच नको. उद्या आपल्या हद्दीचीही मोजणी निघेल." जाऊ हसली नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा कामावरचा जुना पितळी डबा माळ्यावरून काढला, चिंचेने घासला, भरून ओटीवर नेऊन ठेवला. मला वाटलं, घरचा डबा म्हटल्यावर खातील. त्यांनी झाकणावरचं नाव वाचलं, डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

"हा आमच्या घरचा डबा आहे. हा आपल्याकडे कसा आला?"

त्यांनी डबा पिशवीत घातला, मुद्देमाल ठेवतात तसा, आणि उपाशी राहिले.

तिसऱ्या दिवशी उठताना त्यांचा तोल गेला. मी धरलं, खुर्चीत बसवलं. अंग हलकं लागलं. मग मी आत गेले, कपाटातून वही काढली आणि तिच्यातला एक फोटो नखाने सोडवला. बुधवारचा होता. बांगडे. ताट रिकामं, आजोबा कॅमेऱ्याकडे बघून बोटं चाटताहेत. मी पदर नीट केला आणि बाहेर येऊन त्यांच्यासारख्याच मराठीत म्हणाले, "घरधनी जेवले. आत जरा आडवे झालेत. तुम्ही बसा."

"आपण खात्रीने सांगता?"

"हो."

"तोंडी नको."

मी फोटो दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

"हे घरधनी?"

"हो."

"गृहस्थ भले दिसतात."

"आहेत."

"आज तारीख काय?"

मी फोटोच्या कोपऱ्यातली तारीख सांगितली. त्यांनी ती फोटोवर पाहिली, वेळ पाहिली, मान हलवली. "बरोबर आहे. वाढा."

आणि ते जेवले. पाचसहा घास जेवले. माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला लावला, नेहमी लावतात तिथेच. उठताना म्हणाले, "स्वयंपाक उत्तम आहे, बाई. घरधन्यांना माझा नमस्कार सांगा."

बघा, मला हवं ते मिळालं. मी वाढलं आणि तो माणूस जेवला हे त्यांनी तारखेसकट मान्य केलं. आता रोज करतात. फक्त तो माणूस ते नव्हेत.

तेव्हापासून आमच्याकडे रोज तीच तारीख असते. कॅलेंडर मी भिंतीवरून काढलं, घड्याळ साडेबाराच्या आसपास दुसऱ्या खोलीत नेते. नवा फोटो काढून उपयोग नाही. आता काढला तर त्यात गाल बसलेला, शर्ट खांद्यावरून ओघळणारा कुणी तिसराच दिसेल आणि घरधनी म्हणून तो कुणाला पटणार नाही. बांगड्याचा तो फोटो हळदीच्या बोटांनी पिवळा पडला तेव्हा मी नवी प्रत काढायला मालवणात गेले. स्टुडिओवाला म्हणाला, "बाई, ह्योच फोटो आणि किती वेळा काढतलात? दुसरो बरोसो एखादो आणा की." मी म्हटलं, हाच हवा. त्याला वाटलं असेल, म्हातारा गेला. फ्रेम दाखवायला लागला.

ही युक्ती आहे, उपाय नाही, हे मला कळतं. डॉक्टरांनी सांगितलंय की आता ते गिळणंही विसरत जातील. सहा घासांचे चार झाले, परवा दोन. परवा त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "उरलेलं घरधन्यांसाठी ठेवा. त्यांची तब्येत मला बरी वाटत नाही." मी ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी तेच मी खाल्लं.

तुमचे बाबा मे महिन्यात येतो म्हणतात. येऊ देत. पण हे वाचतानाच त्यांनी ध्यानात ठेवावं, आल्या आल्या पाया पडून "बाबा" म्हणायचं नाही. ते विचारतील, आपण अर्जदार की सामनेवाले? काहीतरी एक सांगावं आणि ओटीवर बसावं. आणि तुम्ही फोनवर बोलाल तेव्हा तिकडे किती तारीख आहे हे त्यांना सांगू नका. धाकट्याला ती सवय आहे, तिकडे अजून कालचीच तारीख आहे म्हणून त्याला गंमत वाटते. इथे त्या गमतीने एक जेवण जाईल.

फोटो हवा म्हणालात, तर बांगड्याचाच पाठवते. कॅमेऱ्यात आहे, स्टुडिओवाला फोनवर घालून देतो म्हणालाय. आजोबांचा आता तोच एक फोटो आहे असं समजा. नीट बघा. डाव्या भुवईत पांढरा केस आहे, उजव्या हाताचं मधलं बोट फितीने कापलेलं, जरा वाकडं. बघून झालं की दोघांनी मला फोन करून एवढंच सांगा, की हे आमचे आजोबा आहेत. इथल्या साडेबाराच्या आधी सांगितलंत तर बरं. साडेबाराला मला पुन्हा तो फोटो हातात घेऊन "हे घरधनी" म्हणायचं असतं, आणि खोटं बोलल्यासारखं वाटू न देता म्हणायचं असतं.